दिवे पोरांनी फोडले, पैसे किती आणि कुणी भरायचे?

पत्र असं आहे :

"नमस्कार. मी कराड तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. मालक नवी मुंबईत माथाडी कामगार आहेत, दोन महिन्यांनी येतात. घरी मी, सासूबाई आणि आठवीतला मुलगा. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं आणि तीन मित्रांनी बेचकीनं रस्त्यावरचे दिवे फोडले. एस.टी.च्या थांब्यापासून आमच्या वस्तीपर्यंतचे सहा. त्यातले दोन गौरी-गणपतीपासून बंदच होते. डेअरीच्या कॅमेऱ्यात चौघं दिसली. सरपंचांनी बोलावून सांगितलं, दिव्याला 5,000, एकूण 30,000. चौघांतल्या दोघांच्या घरचे वजनदार आहेत, त्यांचं नाव आता कुणी काढत नाही. म्हणून आमच्यावर आणि दुसऱ्या एका घरावर 15-15 हजार आले. शनिवारपर्यंत रोख द्या, नाहीतर पोलिसात देतो, पोरगं आत जाईल, म्हणाले. व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरतोय. मालक फोनवर म्हणतात, एक रुपाया देऊ नको, सरकारचे दिवे आहेत, सरकार लावील. सासूबाई म्हणतात, अब्रू जाण्यापेक्षा माझी बोरमाळ मोड आणि टाक देऊन. मी शिलाई करते. 15,000 म्हणजे माझे तीन महिने. काय करू?"

ताई, बोरमाळ आधी डब्यात परत ठेवा. आणि दाजींना सांगा, त्यांचंही चुकतंय. पैसे भरायचेच आहेत. पण 15,000 नाही, बिनपावतीचे नाही आणि शनिवारच्या धाकानं तर मुळीच नाही. किती भरायचे ते आपण हिशेबानं काढू.

मी 31 वर्षं एका नगरपालिकेच्या दिवाबत्ती विभागात काढली. वायरमन म्हणून लागलो तेव्हा हातगाड्यावर शिडी टाकून ट्यूबा बदलत हिंडायचो. फुटलेला दिवा उतरवताना काचेचा चुरा कॉलरीत जातो आणि संध्याकाळी आंघोळ होईपर्यंत मान टोचत राहते. त्यामुळे दिवे फोडणाऱ्या पोरांचा मला फार कळवळा आहे असं समजू नका. पण निवृत्तीच्या आधी चार वर्षं स्टोअरचा चार्ज माझ्याकडे होता, आणि 'दिव्याला पाच हजार' असा गोल आकडा कानावर आला की तेव्हाची सवय उसळी मारते. बिल कुठंय?

आधी दाजींच्या मुद्द्याचं बघू. सरकारचे दिवे, सरकार लावील. घरात घरपट्टीची पावती असेल, पत्र्याच्या पेटीत नाहीतर देवाच्या फळीवर, ती काढा. घरपट्टीच्या खाली 'दिवाबत्ती कर' अशी एक ओळ असते. आकडा इतका लहान असतो की कुणी वाचतसुद्धा नाही. तो कर तुम्ही भरलाय, शेजारणीनं भरलाय, ज्या म्हातारीच्या दारातला दिवा फुटला तिनंही भरलाय.

तुमच्यासारख्या गावात खांब बहुधा महावितरणचा असतो, वरून गेलेली तारही त्यांचीच. खांबाला आवळलेलं ब्रॅकेट आणि त्यावरची एलईडी फिटिंग मात्र ग्रामपंचायतीची. दिवे जळतात त्या विजेचं बिल ग्रामपंचायतीच्या नावानं निघतं. 2021 साली थकबाकीपायी राज्यात कितीतरी गावांच्या रस्त्यांवरच्या दिव्यांची वीज तोडली गेली, तेव्हा ही बिलं पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून भरायची मुभा सरकारनं दिली. म्हणजे ज्या पैशातून गावातलं गटार व्हायचं, त्यातूनच. तेव्हा मुंबईहून कुणी साहेब जीप घेऊन येईल आणि सहा दिवे लावून जाईल, हे दाजींनी मनातून काढून टाकावं. लावायचं काम ग्रामपंचायतीचंच आहे, तुम्ही पैसे भरा अगर न भरा. पण तुम्ही न भरलेले पैसे गावाच्या पेटीतून जाणार, एवढं सरळ आहे.

आता पोलिसांचं. तुमची झोप त्यानंच उडालीय हे अक्षरावरून कळतंय.

सार्वजनिक मालमत्तेची नासधूस करणाऱ्यांसाठी 1984 चा केंद्राचा कायदा आहे. ग्रामपंचायतीची मालमत्ता त्यात येते. जाणूनबुजून नुकसान केलं तर 5 वर्षांपर्यंत शिक्षा, आणि वीज-पाणी-उजेड पुरवण्याच्या साधनांना हात लावला तर किमान 6 महिन्यांपासून पुढं. शिवाय 2003 च्या विद्युत कायद्यात एक गमतीदार कलम आहे, 141 वं: रस्त्यावरचा दिवा खोडसाळपणे विझवला तर 2,000 रुपयांपर्यंत दंड. नुसता विझवला तरी! तर कायदा नाही असं नाही. सरपंच हवेत बोलत नाहीत.

पण तुमचा मुलगा आठवीत आहे. म्हणजे तेरा-चौदाचा. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी 2015 चा बाल न्याय कायदा लागतो, आणि त्याच्या नियमांप्रमाणे ज्या गुन्ह्यांना किमान सात वर्षांची शिक्षा आहे असे घोर गुन्हे सोडले, किंवा मोठ्या माणसांच्या साथीनं केलेलं कृत्य सोडलं, तर मुलावर एफआयआर नोंदवत नाहीत. स्टेशन डायरीत नोंद होते, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल होतो आणि प्रकरण जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळापुढं जातं. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, तुरुंगात तर नाहीच. मंडळ काय करतं? समज देतं, समुपदेशन सांगतं, समाजसेवा करायला लावतं, आई-बापाला दंड भरायला सांगू शकतं. आणि त्या नोंदीपायी पुढं नोकरीला किंवा परीक्षेला तो अपात्र ठरत नाही, हेही कायद्यात लिहिलेलं आहे. 'पोरगं आत जाईल' हे वाक्य तेवढं खोटं. तरी ते सरपंचांच्या तोंडावर फेकू नका. गावात राहायचंय. पोलिसांचं बोलावणं आलंच तर शाळेचा बोनाफाईड आणि जन्मदाखला घेऊन त्याच्याबरोबर स्वतः जा, आणि ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला भेटायचंय असं सांगा. प्रत्येक ठाण्यात एकाकडे ते काम दिलेलं असतं.

व्हिडिओचं मात्र तोंडावर सांगा, आजच. चौकशी सुरू झालेल्या मुलाचं नाव, चेहरा, शाळा कुठल्याही मार्गानं उघड करणं त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नं मना आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अजून पोलिसात काही गेलेलं नसेल तर कलम लागतं की नाही यावर वकील दोन तास भांडतील. पण ग्रुपचा ॲडमिन भांडत बसणार नाही. 'पोलिसात गेलात तर हा व्हिडिओ पहिल्यांदा तुमच्याच अंगाशी येईल' एवढं कुणीतरी शांतपणे सांगितलं तर तो पुसला जाईल. शाळेचे मुख्याध्यापक किंवा अंगणवाडीच्या ताई सांगायला बऱ्या. तुम्ही स्वतः ग्रुपवर लिहू नका, खाली पन्नास जण काहीबाही लिहितील.

आता माझ्या आवडीचा विषय, हिशेब.

एलईडीची फिटिंग म्हणजे एक ॲल्युमिनियमचा डबा. आत एलईडीची प्लेट, तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर आणि पुढं काच नाहीतर प्लॅस्टिकचं झाकण. बेचकीचा खडा लागला तर बहुतेक वेळा पुढची काच तडकते आणि आतलं सगळं ठीक असतं. दिवा त्या रात्री लागतोसुद्धा. मग पाऊस येतो, पाणी आत जातं, ड्रायव्हर जळतो. गावात बसवतात त्या स्वस्त फिटिंगची नुसती काच सुटी मिळत नाही, मिळाली तरी बसवायला कुणी फिरकत नाही, म्हणून आख्खी फिटिंग बदलतात. ठीक आहे, ते मान्य करू. पण बदलायची फिटिंग किती वॅटची? 20 ची की 45 ची? पंचायतीनं ती कधी घेतली, कितीला? हे सगळं कागदावर असतं. खरेदीचं बिल असतं, साठा नोंदवही असते, फिटिंग बसवल्याचं मोजमाप असतं. 5,000 हा आकडा त्यातल्या कुठल्या कागदावरून आला, एवढंच विचारायचं. उद्धट प्रश्न नाही. ऑडिटवाले हाच विचारतात.

समजा बिलात दर 2,200 निघाला आणि बसवायची मजुरी दिव्याला 300. चार चालू दिव्यांचे झाले 10,000. चार पोरं, वाट्याला अडीच हजार. (आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुमच्या पंचायतीचे वेगळे असतील.) दिवे पाच वर्षांपूर्वीचे असतील तर घसारा धरायला हवा, कारण तुम्ही जुना दिवा फोडून नवा देताय. कोर्टात गेलं तर घसारा धरतात. पण एका फिटिंगमागे दोन-चारशे रुपयांसाठी मी तो वाद घालणार नाही. तुम्हीही घालू नका.

खरी मेख त्या दोन बंद दिव्यांत आहे. गौरी-गणपतीपासून जो दिवा लागला नाही तो फुटला, तर नुकसान काय झालं? वर वर बघता काहीच नाही, मेलेल्याला मारलं. पण थांबा. एलईडी फिटिंगला काही वर्षांची गॅरंटी असते. ती चालू असती तर बंद पडलेला दिवा कंपनीनं फुकट बदलून दिला असता. आता काच फुटलेला दिवा पुढं केला की ठेकेदार हात वर करतो, 'मार बसलाय, गॅरंटीत नाही.' म्हणजे गॅरंटी चालू असेल तर पोरांनी पंचायतीचं खरोखर नुकसान केलंय, आणि त्या दोन दिव्यांचेही पैसे द्यायला हवेत. गॅरंटी संपलेली असेल तर ते दोन दिवे पंचायतीला असेही विकतच घ्यायचे होते, त्यांचा एक रुपयाही तुमच्याकडे निघत नाही. म्हणून गॅरंटीचं कार्ड बघायला मागा. सापडलं नाही, आणि माझा अनुभव सांगतो की सापडणार नाही, तर ते दोन दिवे हिशेबातून वगळा म्हणावं. शिवाय दोन महिने बंद दिवा का बदलला नाही हा प्रश्न मग आपोआपच टेबलावर येतो, तो तुम्हाला विचारावा लागत नाही.

कायद्यानं तुम्ही आई म्हणून पैसे द्यायला बांधील आहात का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण दाजी विचारतील. पोरानं केलेल्या नुकसानीला पालक आपोआप बांधील ठरतात असं दिवाणी कायद्यात नाही, पालकांचा स्वतःचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो. दंड कुणी मनाला येईल तसा लावू शकत नाही, सरपंचही नाही. तुम्ही देणार ती भरपाई आहे, आपखुशीची. शहरांतले कायदे याबाबत जास्त कडक आहेत. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यात तर रस्त्यावरचा दिवा नजरचुकीनं किंवा अपघातानं फोडला तरी दुरुस्तीचा खर्च फोडणाऱ्यावर आहे. मला तो कायदा आवडतो. त्यात शिव्या नाहीत, अब्रू नाही. फुटला? भर. संपलं.

त्यावरून आठवलं. गळीत हंगाम चालू झालाय. दोन-दोन ट्रॉल्या ऊस लादलेला ट्रॅक्टर वळणावर खांब वाकवून जातो, ब्रॅकेटसकट दिवा खाली येतो, तेव्हा पंचायत किती वसूल करते? आमच्याकडे मी दरसाल बघायचो, खांब वाकलेला दिसायचा, गाडीचा नंबर कुणाकडे नसायचा. वास्तविक वाहनाच्या सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान येतं. खासगी मोटारीला 7.5 लाखांपर्यंत, दुचाकीला 1 लाखापर्यंत ही भरपाई मिळते. गाडीचा नंबर, पंचनामा आणि विम्याची प्रत एवढ्यावर अपघात न्यायाधिकरणाकडे दावा लागतो. ड्रायव्हरच्या खिशातून काही जात नाही. तरी कुणी करत नाही, कारण ट्रॅक्टर कुणाचा ते सगळ्यांना माहीत असतं. हे ऐकून 'मग आमच्याच पोराला का?' असं म्हणायचा मोह होईल. म्हणू नका. पण ग्रामसभेला जाल तेव्हा कुणीतरी हा विषय काढला तर कान द्या.

आता त्या दोन वजनदार घरांचं. चौघं दिसली तर चौघांत वाटणी, याला दुसरा न्याय नाही. पण हे भांडून होणार नाही. नावं घेऊन भांडलात तर विषय दिव्यांचा राहणार नाही, भावकीचा होईल. तुम्ही फक्त चौथा हिस्सा धरून बसा. अर्जात 'चारपैकी माझ्या मुलाचा एक हिस्सा' असं लिहा आणि तेवढेच पैसे भरा. दुसऱ्या घरालाही तेच सांगा. मग उरलेला अर्धा कुणाकडून घ्यायचा ही पंचायतीची डोकेदुखी झाली, वहीत तो येणं म्हणून दिसत राहील. कायद्याच्या पुस्तकात मिळून केलेल्या नुकसानीचे सगळे पैसे एकाकडूनही मागता येतात, हे खरं. पण त्यासाठी दावा लावावा लागतो, आणि दाव्यात चौघांचं चित्रीकरण पुढं येणार. वजनदार घरांना ते नकोच असतं.

अर्ज ग्रामसेवकांच्या नावे करा. (आता त्यांचा हुद्दा 'ग्रामपंचायत अधिकारी' झालाय, अर्जावर तसं लिहा, तोंडानं काय म्हणायचं ते म्हणा.) मजकूर चार ओळींचा: 'थांबा ते वस्ती या रस्त्यावरील दिव्यांच्या नुकसानीबाबत. सदर नुकसानीतील चारपैकी एका हिश्श्याची भरपाई देण्याची माझी तयारी आहे. तरी नुकसान झालेल्या दिव्यांचे ठिकाण, वॅट, खरेदीची तारीख, दर व गॅरंटीचा कालावधी लेखी कळवावा.' खांबांना नंबर नसतील तर 'डेअरीसमोरचा', 'मारुतीच्या पाराजवळचा' असं लिहून मागा. पोराचं नाव अर्जात घालू नका, तो कागद वर्षानुवर्षं फायलीत राहतो. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि सही घेऊन पोच ठेवा. कुणीतरी शहाणा म्हणेल, लिहून दिलं की कबुली झाली. असू दे. कॅमेऱ्यात दिसलंय, गावानं बघितलंय, आणि 'भरायची तयारी होती' हा कागद बाल न्याय मंडळापुढं गेला तर तुमच्याच बाजूनं बोलेल.

माहिती दिलीच नाही तर माहिती अधिकार आहे, 10 रुपयांत, 30 दिवसांत उत्तर. पण ते शेवटचं. पहिल्याच दिवशी माहिती अधिकार काढला की माणसं खुर्ची मागं सरकवतात.

पैसे भराल तेव्हा सरपंचांच्या हातात देऊ नका, ते कितीही भले असोत. ग्रामपंचायतीच्या नावे भरा आणि पावती घ्या. नमुना 7 ची सामान्य पावती असते. तिच्यावर 'रस्त्यावरील दिव्यांची नुकसानभरपाई' असं लिहून घ्या, नुसतं 'जमा' नको. मासिक सभेत त्याचा ठराव व्हावा असंही अर्जात एक ओळ टाकून मागा, म्हणजे ही भरपाई पुढच्या वर्षी पुन्हा कुणी मागणार नाही.

आणि एक करू नका. 'आम्हीच दिवे आणून बसवतो' असं म्हणून तालुक्यातनं फिटिंगा आणवून गावच्या झिरो वायरमनला, म्हणजे महावितरणच्या नोकरीत नसलेल्या, वरवरची कामं करणाऱ्या माणसाला, खांबावर चढवू नका. स्वस्तात होतं, मला माहीत आहे. पण त्या खांबावर चालू तारा आहेत, सप्लाय बंद करून घेणं लाइनमनचं काम आहे. आमच्या तालुक्यात असाच चढलेला एक जण मी खाली आणलाय. पुढचं लिहीत नाही.

पैशाचं झालं. पोराचं राहिलं. तुम्ही पत्रात त्यानं दिवे फोडले एवढं लिहिलंत, का फोडले हे लिहिलं नाहीत. विचारलंत का?

आमच्याकडे एका गल्लीत एकाच खांबावरची ट्यूब दर पंधरवड्याला फुटायची. गल्लीतली चार टवाळ पोरं आम्ही संशयावरून झाडून काढली. मुकादमानं तर एकाच्या कानाखाली ओढली. शेवटी रात्री पाळत ठेवली तर पहाटे अडीचला एक सत्तरीचा म्हातारा काठीला धोंडा बांधून गच्चीवर आला. त्याच्या खिडकीसमोरच खांब, उजेड थेट उशाशी. सहा महिने तो माणूस झोपला नव्हता. नगरपालिकेत दोनदा अर्ज दिला होता, तो आमच्याच ट्रेमध्ये खाली पडलेला निघाला. मी ब्रॅकेट चार बोटं फिरवलं आणि मागच्या बाजूला पत्र्याचा एक तुकडा लावला. त्यानंतर ती ट्यूब आपल्या वयानं गेली, दीड वर्षानं. पैसे आम्ही त्याच्याकडून घेतले नाहीत. घ्यायला हवे होते, असं मला आजही वाटतं, आणि त्या पोराची माफीही मागायला हवी होती.

तुमच्या पोराचं कारण बहुधा इतकं मोठं निघणार नाही. सुट्टी होती, नवी बेचकी होती, एकानं एक फोडला म्हणून दुसऱ्यानं दुसरा. तेरा वर्षांच्या पोराला वर दिसतो तो गोल चमकता नेम, खालचा रस्ता दिसत नाही. तो त्याला दाखवा. त्याला घेऊन थांब्यापासून वस्तीपर्यंत चाला, रात्रीची शेवटची एस.टी. येते त्या वेळी, बॅटरी न लावता. उसाचे फड दोन्ही बाजूंना, त्यात बिबट्या आहे म्हणून तुमच्याकडे संध्याकाळनंतर पोरींना एकटं सोडत नाहीत. कॉलेजहून येणाऱ्या मुली तो रस्ता कसा चालतात ते त्याला बघू दे. बोलू नका काही. भाषण तर अजिबात देऊ नका.

वाट्याचे पैसे भरायला त्याला बरोबर न्या आणि मोजून द्यायला लावा. त्यातले थोडे त्याचे असावेत, दिवाळीत ओवाळणीचे मिळाले असतील ते. आणि ग्रामसेवकांना सांगून त्याला एक वही करायला लावा, गावातल्या सगळ्या खांबांची. रोज संध्याकाळी फेरी मारायची, बंद दिवा दिसला की तारीख आणि ठिकाण लिहायचं, सोमवारी वही पंचायतीत दाखवायची. हे काम खरं तर पंचायतीच्या शिपायाचं, पण ते कुठंच होत नाही. नेम चांगला आहे म्हणजे नजर चांगली असणार. महिनाभर पुरे. तेवढ्यात त्याला कळेल की गावात न फोडता किती दिवे बंद असतात. आणि सरपंचांनाही.

बेचकी जप्त केली असेल तर परत देऊ नका. पण जाळूही नका, मोठ्या काकांकडे किंवा मामाकडे ठेवायला द्या.

दाजींना हे सगळं वाचून दाखवा, नाहीतर फोटो काढून पाठवा. त्यांना राग पंधरा हजारांचा आलाय, दिव्यांचा नाही. दोन-अडीच हजार आणि पावती म्हटल्यावर ते ऐकतील असं वाटतं. सासूबाईंना म्हणावं, बोरमाळ मोडायची नाही, पण त्यांनी एकदा तुमच्याबरोबर पंचायतीत यावं. म्हाताऱ्या बाईसमोर आवाज चढत नाही.

अर्ज शनिवारची वाट न बघता उद्याच द्या. जाण्याआधी ग्रामसेवकांना फोन करून घ्या, त्यांच्याकडे बहुधा आणखी एका गावाचा चार्ज असतो आणि तुमच्या गावचा त्यांचा वार कोणता हे पाटीवर लिहिलेल्यापेक्षा शिपायाला जास्त बरोबर माहीत असतं.